पेशन्स लंटची साक्ष

मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर, कडव्या प्युरिटन ख्रिस्ती लोकांच्या गावात पेशन्स लंट राहत असे, पिंपे घडवणाऱ्याची बायको. चर्चच्या मंडळीत प्रवेश मिळाल्याशिवाय तिच्या तान्ह्या मुलाचा, आसाचा, बाप्तिस्मा होणार नव्हता. आणि प्रवेशासाठी, देवाची कृपा आपल्यावर झाली, अशी साक्ष सर्वांसमोर द्यायची होती. त्या गावात शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने पाही. पेशन्स स्वतःच्या मनाकडे पाही. मक्याची लापशी गोड लागली, तर तो आनंद देवाचा की जिभेचा? बाळाला कुशीत घेताना आपण देवाला तर विसरत नाही ना?

साक्षीच्या दिवशी शेजारीण डॉर्कस कडाडली, “लोणी घुसळताना गुणगुणतेस, आणि म्हणे कृपा झाली!”

“स्तोत्रच गुणगुणते, डॉर्कसबाई. पण चालच जास्त आवडते, याचं भय वाटतं.”

मंडळीच्या धर्मगुरूंनी, पाळकांनी, विचारले, “मुली, कृपेची खात्री आहे तुला?”

‘हो’ म्हणणे सोपे होते. तिने बाळाकडे पाहिले.

“नाही, पाळकबाबा. खात्री वाटली, की तिचाच संशय येतो. पण देवाचं दार सोडून जाऊ कुठे?”

“ढोंग्याला असली भीती नसते,” पाळक म्हणाले. तिला मंडळीत घ्यायला मंडळीतल्यांचे हात वर झाले, शेवटी डॉर्कसचाही.

पेशन्सला रडू फुटले, आणि रडता रडताच ती तपासू लागली, हे अश्रू देवासाठी की आसासाठी.