धड आमचं, डोकं त्यांचं

माद्रिदमधल्या एका टेकडीवर मेंदूची प्रयोगशाळा होती आणि तिथे बासिलियो बावीस वर्षं दरवान होता. डॉक्टर येतात नि जातात, प्रयोगशाळा चालवतो आपण, असं त्याचं शांत मत होतं. दार उघडणं, शेगडी पेटवणं, काचा धुणं, सशांना पाला घालणं आणि वेळ आली की त्यांना मारून, कवटी फोडून मेंदू औषधाच्या बरणीत सोडणं ही त्याची कामं. बरणी वर जाई. उरलेला ससा जिन्याखालच्या दोन खोल्यांत जाई आणि बासिलियोची बायको निकानोरा तो लसूण नि वाइन घालून शिजवी. धड आमचं, डोकं त्यांचं. हा करार कुठेच लिहिलेला नव्हता, म्हणून तो कधी मोडलाही नव्हता.

त्यात खोट एवढीच की माद्रिदमध्ये बिनमुंडक्याचा ससा ताटात आला की माणूस आधी मांजरांची चौकशी करतो. सोलल्यावर दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून खाटीकसुद्धा ससा टांगतो तो मुंडक्यासकट. आणि प्रयोगशाळेत मांजरंही होती, हे निकानोराच्या थोरल्या बहिणीला, ओब्दुलियाला, पक्कं ठाऊक होतं. दर सणाला ती जेवायला येई, दोनदा वाढून घेई आणि हाड चोखता चोखता विचारी, "छान झालंय गं. हे जिवंतपणी म्याव करायचं का?"

ससे लागत ते एकट्या डॉक्टर उर्केताला. त्याचं म्हणणं असं, की मेंदूत इवल्याशा पेशींची एक जात आहे. एरवी त्या हातपाय पसरून आपापल्या जागी बसलेल्या असतात. कुठे जखम झाली की हातपाय आवरून, गोल होऊन तिकडे धावतात आणि मेलेलं सगळं खाऊन जागा साफ करतात. हे दाखवायला तो सशाच्या मेंदूत तापलेली सुई खुपसायचा आणि पुढे तो मेंदू चांदीच्या रसायनात रंगवायचा.

"म्हणजे मेंदूलाही दरवान आहे," बासिलियो म्हणाला. "एवढं कळायला तुम्हाला चाळीस ससे लागले?"

उर्केता त्याला आवडत नसे. चांदीने काळी झालेली त्याची बोटं दाराच्या प्रत्येक मुठीवर उमटत आणि धुण्याच्या कुंडीत सिगारेटची राख सापडे. बासिलियो दर सोमवारी हे सगळं संचालकांच्या, डॉन लेआंद्रोंच्या, कानावर घाली. संचालकांनी तीस वर्षं मेंदू पाहिला होता आणि त्यांना या पेशी कधी दिसल्या नव्हत्या, त्यामुळे ते आनंदाने ऐकत.

जानेवारीत त्यांनी उर्केताला बोलावलं. "तुम्ही भोक पाडता, भोकातून रक्त शिरतं, आणि रक्तातल्या पेशींना तुम्ही मेंदूच्या म्हणता. तेवीस तारखेला, शुक्रवारी, माझ्यासमोर एक मेंदू बरणीतून काढून रंगवा. पटलं नाही तर टेबल रिकामं करायचं."

बासिलियोने ही बातमी मोठ्या समाधानाने घरी सांगितली.

"तो गेल्यावर ससे कोण मारणार?" निकानोराने विचारलं.

"कोणी नाही. डॉन लेआंद्रो बेडकांवर काम करतात."

"बेडूक," निकानोरा म्हणाली, आणि दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवसापासून बासिलियो उर्केताचा हितचिंतक झाला. दाराच्या मुठी तो स्वतःच पुसू लागला. उर्केताने बुधवारी एक धष्टपुष्ट ससा निवडून टोचला. शनिवारी त्याला मारायचं होतं, कारण तिसऱ्या दिवशी पेशींची धावपळ ऐन भरात असते.

शनिवारी होता सान आंतोनचा सण. त्या दिवशी सगळं शहर आपापली जनावरं घेऊन चर्चच्या दारी आशीर्वादाला जातं. संचालकांच्या बायकोचा पोपट घेऊन बासिलियो एका खेचरामागे दोन तास उभा होता. घरी आला तर पान वाढलेलं, ओब्दुलिया बसलेली, आणि मधोमध थाळीत ससा. मुंडक्यासकट.

"दात बघ, ताई," निकानोरा म्हणत होती. "नीट बघ. मांजराला असे दात असतात का?"

ओब्दुलियाने दात पाहिले, कान होते ती जागा पाहिली आणि जड मनाने ससा मान्य केला. मग पाहुणीच्या हक्काने तिने मुंडकं स्वतःकडे ओढलं. बासिलियोला त्याच्या टाळूवर एक नेटकं, गोल भोक दिसलं.

"हा कुठला?" त्याने बायकोला हळूच विचारलं.

"कोपऱ्यातला. इतका गरीब झाला होता बिचारा, पकडावाही लागला नाही."

"तो डॉक्टरांचा बुधवारचा होता."

"चौदा आहेत त्यांच्याकडे. एकाने काय बिघडतं?"

तोवर ओब्दुलियाने चमच्याने कवटी साफ केली होती.

उर्केता चार वाजता येणार होता. बासिलियोने दुसरा ससा मारला, मेंदू काढला आणि काम अर्धवट सोडायची सवय नसल्याने निकानोराची विणायची सुई तापवून त्यात एक भोकही पाडलं. उर्केताने बरणी उजेडात धरली, "सुंदर," म्हणाला आणि चक्क आभार मानले. ते आभार बासिलियोला फार लागले. एरवी तो कोळसा वाचवी. त्या गारठ्यात टोचलेले मेंदू कसेबसे रंगत, पण न टोचलेल्या सशांच्या मेंदूवर चांदी कधी धड चढली नव्हती आणि उर्केता रसायनाला दोष देत आला होता. या आठवड्यात मात्र बासिलियोने शेगडी विझू दिली नाही.

शुक्रवारी डॉन लेआंद्रोंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"पेशी आहेत. भोक आहे. पण पेशी भोकाच्या काठावर हातपाय पसरून बसल्यात. तीन दिवसांत एकही जागची हलली नाही?"

उर्केताने पाहिलं. काच सरकवून पुन्हा पाहिलं. त्याचा चेहरा मेणबत्तीसारखा झाला.

"असं याआधी कधी झालं नव्हतं."

"दर वेळी झालं असेल. आज मी पाहायला होतो, एवढंच." संचालकांनी हॅटसाठी हात पुढे केला. हॅट बासिलियोच्या हातात होती. त्याने ती दिली नाही.

"साहेब, त्या धावणार कशा? ससा मेल्यावर टोचलाय."

"कोणी?"

"मी. बायकोच्या विणायच्या सुईने."

"आणि यांनी टोचला होता तो?"

"सान आंतोनला शिजला. मेंदू मेहुणीने खाल्ला. तिला मांजराचा संशय होता."

संचालकांनी हॅटसाठी पुढे केलेला हात मागे घेतला.

"याला जिवंतपणी कोणी हात लावला नव्हता?" डॉन लेआंद्रोंनी विचारलं.

"नाही, साहेब. पाला खाऊन सुखात होता."

संचालक पुन्हा खाली बसले. "म्हणजे आत रक्त शिरलंच नाही," ते स्वतःशीच म्हणाले. "मग या आल्या कुठून?"

"त्या तिथेच होत्या," उर्केता म्हणाला.

अर्धा तास गेला. "दुसरी काच," डॉन लेआंद्रो म्हणाले. मग तिसरी मागितली. जेवणाची वेळ टळून गेल्यावर ते उठले. "टेबल राहू द्या, उर्केता. यापुढे टोचलेला आणि न टोचलेला, दोन्ही दाखवायचे." मग बासिलियोकडे वळले. "आणि तू..." पुढचं वाक्य त्यांना तीस वर्षांच्या अभ्यासातही सापडेना. हॅट घेऊन ते निघून गेले.

संध्याकाळी उर्केता जिन्याखाली आला. बासिलियो शिव्या खायच्या तयारीने उभा राहिला. उर्केताने निकानोराकडे पाहिलं.

"बाई, तुमच्या बहिणीला खाताना काही वेगळं लागलं का? तीन दिवसांची जखम होती, म्हणून विचारतो."

"लागलं ना," निकानोरा म्हणाली. "मीठ कमी होतं म्हणाली."

उर्केताने खिशातून वही काढली आणि ते लिहून घेतलं.