मागच्या रांगेतले घाडीमामा

घाडीमामांचा एकही फोटो माझ्याकडे नाही. कंपनीच्या वर्धापनदिनाला अबूधाबीजवळच्या मुसफ्फातल्या शेडसमोर सगळ्या कामगारांना उभं करून फोटो काढत, आणि फोटोग्राफरने कॅमेरा डोळ्याला लावला की घाडीमामा नेमके बुटाची नाडी बांधायला वाकत. पहिल्या वर्षी मला तो योगायोग वाटला. दुसऱ्या वर्षीही ते वाकले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांच्या बुटांना नाड्याच नव्हत्या.

"फोटोत दिसलंय काय लोक बोट दाखवतत, सायबानू," ते म्हणाले. "ह्योच तो, म्हणान. माका बोट दाखवून घेवचां नाय."

हसत हसतच म्हणाले.

नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. मी त्या कंपनीत टाइमकीपर होतो, म्हणजे कामगारांची हजेरी घेणारा, घाडीमामा वेल्डर. कुडाळकडचे. गावात देवाला गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांच्या घराण्याकडे होता. गाऱ्हाणं म्हणजे एकाने साऱ्या गावाच्या वतीने देवाला खड्या आवाजात साकडं घालायचं आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. तो आवाज मामांनी अबूधाबीत सोबत आणला होता, आणि तोच त्यांना भोवणार होता.

युनियन, संप हे शब्द तिथे कोणी मोठ्याने उच्चारत नसे. चार माणसं एकत्र येऊन काही मागू लागली की त्यातला पुढचा माणूस शोधायचा आणि व्हिसा रद्द करून त्याला विमानात बसवायचं, की बाकीचे आपोआप गप्प होत. मामांनी यावर आपली युक्ती काढली होती. दर शुक्रवारी सुट्टीच्या सकाळी ते कामगारांच्या कॅम्पातल्या आपल्या खोलीत नारळ ठेवत आणि भिंतीपाशी, सगळ्यांच्या मागे उभे राहून गाऱ्हाणं घालत.

"बा देवा म्हाराजा, ही तुजी लेकरां पोटासाठी परमुलखात इली आसत. तेंच्या पाण्याच्या टाकीत किडे झाले आसत. ती टाकी साफ होव दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

आधी दहा-बारा मालवणी माणसं असत. मग केरळचे आले, बंगाली आले. ट्रक चालवणारा गुलखान पठाण दारातूनच हात जोडल्यासारखं करी आणि सगळ्यांत मोठ्याने ‘व्हय म्हाराजा’ म्हणे. मामा त्यांना नंतर हिंदीत अर्थ समजावत. पुढच्या आठवड्यात आज एक फिटर, उद्या एक सुतार, परवा एखादा रंगारी असे एकेकटे कॅम्प बॉसकडे जात आणि शांतपणे टाकीचंच बोलत. सभा झालेली नसे, अर्ज नसे. "कागद नको," मामा म्हणत. "कागदार पयली सही कोणाची, ताच बगतत." टाकी साफ झाली. पण कॅम्प बॉस मला विचारू लागला, "इनको सिखाता कौन है?" मी खांदे उडवले.

मग शौकत गेला. खलिफा सिटीच्या साइटवर माणसं उघड्या ट्रकमधून उभ्याने नेत. एका वळणावर हा बंगाली फिटर खाली पडला आणि दवाखान्यातून परत आलाच नाही. त्या शुक्रवारी मामांनी एकच मागणं मागितलं, उघड्या ट्रकऐवजी बंद बस. पुढचेही सगळे शुक्रवार तेच. मागणारे एकेकटे जातच राहिले, आणि कॅम्पात एक नवा माणूस राहायला आला. तो काम काय करतो ते कोणी पाहिलं नव्हतं. सगळ्यांना चहा पाजायचा आणि गाव विचारायचा. मला मामांची फार काळजी वाटू लागली.

"मामा, थोडे दिवस गाऱ्हाणं बंद ठेवा," मी म्हटलं.

"देवाकडे मागूक बंदी आसा काय?"

"देवाकडे नाही. पण ऐकणारे दुसरेही आहेत."

"आसांदेत. माजां काय होतला ता माका ठावक आसा. शौकत ट्रकात माज्या बाजूक उभो होतो, सायबानू."

एका गुरुवारी सकाळी ट्रक लागला आणि कोणी चढेना. नाही असं कोणीच म्हटलं नाही. जो तो बाजूच्याला म्हणत होता, "पहले आप." मॅनेजर पीआरओला, म्हणजे व्हिसाची कामं बघणाऱ्या माणसाला, घेऊन आला. "लीडर कौन है तुम्हारा?" त्याने विचारलं. सगळ्यांच्या माना खाली. तो रांगेतून फिरला, एकेकाचं तोंड न्याहाळलं आणि कोणाच्याच तोंडावर त्याला काही सापडलं नाही. ऊन चढत होतं, साइटवर स्लॅबचं काम अडलं होतं. अखेर वैतागून तो म्हणाला, "ठीक है. शनिवार से बस आएगी. खलास. यल्ला, काम पे चलो."

शेवटच्या रांगेत मामांनी डोळे मिटले. इतके दिवस ज्यासाठी साकडं घातलं ते पदरात पडलं होतं, आणि त्यांच्या घराण्यात देवाने दिलं की लगेच हात जोडायची रीत होती. तोंडातून शब्द निघून गेले.

"असोच सगळ्यांका सांभाळून ने रे म्हाराजा."

आणि मालवणी, मल्याळी, बंगाली, पठाण, सगळं आवार एका आवाजात म्हणालं, "व्हय म्हाराजा!"

मॅनेजरला शब्द कळले नाहीत. कळायची गरजही नव्हती. त्याने मान वळवली आणि शांतपणे मामांकडे बोट दाखवलं.

शुक्रवारी दुपारी त्यांना विमानतळावर नेलं. पीआरओसोबत गाडीत मीही होतो. त्यांची बॅग माझ्या मांडीवर होती आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. मामाच माझी समजूत घालत होते.

"चूक माजीच. गाऱ्हाणां घालणाऱ्यान आवाज सांभाळूक व्हयो होतो," ते म्हणाले. "पोरांका सांगा, आता मोठ्यान म्हणा नको म्हणान. मनात म्हणा. देवाक आयकाक येता."

शनिवारी बस आली. जुनीच, पण छप्पर होतं आणि प्रत्येकाला बसायला जागा होती. हजेरी घ्यायला मी चढलो. फाटकाशी मॅनेजरची गाडी उभी होती, काच खाली केलेली. गुलखान स्टिअरिंगवर हात ठेवून क्षणभर बसला आणि त्याने समोरच्या आरशात पाहिलं. पुढून मागच्या बाकापर्यंत कोणाचाही आवाज निघाला नाही. फक्त सगळ्यांचे ओठ हलले.