उथळ पाण्यातले मामा

आमच्या बियाणे कारखान्यातल्या काट्यावरचे मामा पोत्याचं वजन कधी चुकीचं सांगायचे नाहीत. पण मासा कुठे लागतो, हे मात्र त्यांनी कधीच कोणाला खरं सांगितलं नाही.

हिवाळ्यात दर रविवारी ते बदनापूरजवळच्या तलावावर गळ टाकायला जात. मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला; माझ्याकडे मोटरसायकल होती, म्हणून मला सोबत घेत. जालन्याहून येणारी हौशी मंडळी त्यांना जागा विचारायची. मामा गंभीर चेहऱ्याने त्यांना पहाटे, बांधाच्या भिंतीजवळच्या खोल पाण्यावर पाठवायचे. ते तिथे कुडकुडत बसत आणि आम्ही जेवूनखाऊन दुपारी निघत असू. "थंडीत मासा बी आपल्यासारखाच," मामा म्हणायचे, "ऊन चढल्याबिगर अंथरूण सोडत न्हाई." काठचं गुडघाभर पाणी कोमट झालं की रोहू तिकडे सरकत आणि मामांची पिशवी भरे.

ढगाळ दिवशी मामा घर सोडत नसत. अपवाद एकच. नव्या मॅनेजर साहेबांनी दोन रविवार त्यांना कामावर बोलावलं होतं आणि आता साहेबांनाच मासे धरायला यायचं होतं. मामांनी मुद्दाम आभाळ भरलेला, बोचऱ्या वाऱ्याचा दिवस निवडला. साहेब तीन तास शिंकत बसले. मग अचानक ऊन पडलं आणि साहेबांच्या गळाला हातभर रोहू लागला. मामांना काहीच नाही. परतताना साहेब मामांना गळ कसा टाकायचा ते समजावत होते. पुढचा आठवडाभर मामा माझ्याशीही बोलले नाहीत.

गेल्या वर्षी त्यांचा उजवा हात लुळा पडला. तरी एका रविवारी मी त्यांना तलावावर नेऊन खुर्चीत बसवलं. ऊन लख्ख होतं, वारा पडलेला. गळ माझ्या हातात. तेवढ्यात जालन्याच्या मंडळींपैकी ओळखीचे तिघे आले. मामांनी त्यांना थांबवलं.

"इथंच बसा. मासा इथंच हाये, बराबर."

तिघे एकमेकांकडे पाहून हसले आणि थेट भिंतीकडे गेले.

 मामा मला म्हणाले, "तू साक्षीदार हाईस. मी खरं सांगितल्तं."

त्या दुपारी चार रोहू लागले. तीन मामांनी मला त्या तिघांना पोचवायला लावले.

संक्रांतीनंतर मामा गेले. थंडीत प्रयोगशाळेच्या खिडकीतून ऊन आत आलं की काठचं पाणी आता किती तापलं असेल, याचाच विचार येतो आणि हातातलं काम तसंच राहतं.