उलट्या हाताचा मिस्त्री

माझे दाजी मोटारी बांधायचे. पंपाची असो, पंख्याची असो, जळालेली मोटर आली की तिच्यातली काळी पडलेली तांब्याची तार उपटून काढायची, नवी गुंडाळायची, वर वॉर्निश द्यायचं, वाळवायची आणि चालू करून गिऱ्हाइकाच्या हवाली करायची. उपटलेली तार माझ्याकडे यायची, कारण माझं भंगाराचं दुकान त्यांच्या गाळ्यासमोरच आहे. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान म्हणून मी त्यांना भाव जरा बरा द्यायचो, आणि ते तरीही काट्याकडे डोळे लावून उभे राहायचे.

बाजारात त्यांना सगळे उलट्या हाताचा मिस्त्री म्हणायचे. ते डावखुरे नव्हते. कुठल्याही यंत्राला हात लावताना आधी पंजाची मागची बाजू टेकवायची, अशी त्यांची सवय होती. विजेचा झटका बसला की मूठ आपोआप मिटते. सरळ हात लावला तर माणूस ती वस्तू धरून बसतो, उलटा लावला तर निदान हात मोकळा राहतो. टेस्टरने तपासून झालं तरी ते उलटा हात लावायचेच. पुढे पुढे ही खोड अंगातच मुरली. नळ, कुलूप, बसचा दांडा, माझा वजनकाटा, सगळ्याला आधी उलटा हात. ताईलाही पहिल्यांदा उलटाच हात लावला असेल, असं मी त्यांना चिडवायचो. ते हसायचे, पण सवय काही सुटली नाही. फक्त स्वतःच्या मुलीच्या बाबतीत हा नियम नव्हता. ती समोर आली की तिच्या डोक्यावर सरळ तळहात ठेवायचे.

ही मुलगी, म्हणजे माझी भाची, लहानपणापासून गाळ्यातच वाढली. बारावीला चांगले मार्क पडले आणि तिने इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगचं नाव काढलं. सरकारी कॉलेजची जागा थोडक्यात हुकली. खासगी कॉलेजचा फीचा आकडा ऐकून माझे डोळे पांढरे झाले. एका वर्षाची फी म्हणजे गाळ्याची दोन वर्षांची कमाई, आणि वर्षं चार. मी दाजींना काट्यापाशी बसवून हिशेब करून दाखवला. चार वर्षं शिकून सुरुवातीला जो पगार मिळेल, त्याच्यापेक्षा जास्त ती आज गाळ्यात बसून मिळवेल. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला कशाला? तिला वाइंडिंग येतं, गिऱ्हाइकं ओळखीची आहेत, पाटीवर तिचं नाव घाला आणि मोकळे व्हा.

दाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुझा हिशेब बरोबर आहे रे. पण मी मोटर जळाल्यावर बांधतो. ती जळूच नये म्हणून आधी बघणारी माणसं वेगळी असतात. ती शिकलेली असतात. तिला तिकडं जाऊ दे."

"आणि गाळा?"

"गाळ्याचं बघू."

गाळ्याचं काय बघायचं होतं? दुसऱ्या वर्षाला गाळा विकला, तिसऱ्याला वाइंडिंगचं मशीन गेलं, चौथ्याला कर्ज काढलं. ज्या माणसाच्या हाताखाली चारजण शिकून गेले, तो पन्नाशी उलटल्यावर पिशवीत पक्कड घालून रोजंदारीवर वायरमनचं काम करायला लागला. मी त्यांच्याशी महिनाभर बोललो नाही. राग दाजींचा होता की माझा हिशेब खरा ठरत होता त्याचा, ते मला अजून सांगता येत नाही.

भाची पास झाली, तीही चांगल्या मार्कांनी. विजेची पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यात शिकाऊ इंजिनीअर म्हणून लागली. पगार असा की कर्जाचा हप्ता भरला तर भाडं राहायचं आणि भाडं भरलं तर हप्ता. साहेब म्हणायचा, सध्या अनुभव घ्या. अनुभवावर दूधवाला दूध देत नाही. ताईने शिवणकाम धरलं. घरात कुणी कुणाला लागेल असं बोलायचं नाही, त्यामुळे कुणी फारसं बोलायचंच नाही. ती पोर कामावरून आली की भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. एकदा मला म्हणाली, "मामा, मला काट्यावर घाला आणि काय भाव येतो ते बघा." मी हसण्यावारी नेलं, पण तिचा चेहरा हसत नव्हता.

आता जे सांगतो ते मला फार उशिरा कळलं. एक ठेकेदार तिला भेटला. मोठी वायरिंगची कामं घ्यायची तर पदवीवाल्या माणसाचं लायसन लागतं आणि तपासणीच्या कागदावर त्याची सही लागते. ठेकेदार म्हणाला, "तुमचं सर्टिफिकेट कपाटात पडून आहे. ते माझ्याकडे कामाला लावा, त्यावर लायसन मी काढून देतो. तुम्ही यायचीही गरज नाही, सहीचे पैसे दरमहा घरपोच." सगळेच असं करतात, हेही वर सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. सुरुवातीला तिने जागेवर येऊन बघायचा हट्ट धरला. या की कधीही, गाडी पाठवतो, तो म्हणायचा, आणि गाडी काही यायची नाही. पुढे तिने विचारणं सोडलं. कागद आकड्यांसकट भरून यायचे, ती खाली सही करायची. सहीचे पैसे पगाराहून जास्त होते.

घरी तिने सांगितलं, पगार वाढला.

दाजींनी ही बातमी सगळ्या बाजाराला सांगितली. माझ्या दुकानात येऊन, काट्याला उलटा हात लावून म्हणाले, "काय, आता मांडशील का तुझा हिशेब?" मी कान पकडले. त्यांच्या जुन्या गाळ्यात तेव्हा एकजण खोकी ठेवायचा. त्याच्याशी बोलणं झालं, तो अर्धा गाळा भाड्याने द्यायला तयार झाला. दाजी रोज कामावर जाताना त्या शटरसमोर घटकाभर थांबायचे. पुढच्या महिन्यापासून पुन्हा मोटारी बांधायच्या, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

त्याच महिन्यात त्यांना हॉस्पिटलांचे कपडे धुणाऱ्या एका नव्या कारखान्यात मोटर बघायला पाठवलं. खाली सगळीकडे पाणी. भिंतीला नवंकोरं पॅनेल, आणि त्याच्या दारावर चिकटवलेला कागद: तपासले, सुरक्षित. त्याखाली भाचीचं नाव आणि सही. पुढचं मला त्यांच्याबरोबर कामाला गेलेल्या जोडीदाराने सांगितलं. दाजींनी आधी चष्मा पुसला. नाव मोठ्याने वाचलं. त्याला हाक मारून म्हणाले, "बघ. माझ्या पोरीनं तपासलंय." आणि आयुष्यात पहिल्यांदा, उलटा हात न लावता, टेस्टर खिशातून न काढता, त्यांनी दाराचा दांडा मुठीत धरला.

पॅनेलला अर्थिंग नव्हतं. त्याची वायर आणून न जोडता नुसती मागे सोडून दिली होती आणि आत कुठेतरी चालू वायर पत्र्याला टेकलेली. मूठ मिटली ती सुटेना. जोडीदाराने लाकडी स्टूल हाणून त्यांना सोडवलं. जीव वाचला, पण उजवा तळहात जळाला. बोटं आता सरळ होणार नाहीत, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मोटर बांधायला दहाही बोटं लागतात.

ठेकेदार हॉस्पिटलात आला. भाचीला बाहेर नेऊन म्हणाला, तपासलं तेव्हा वायर होती, नंतर कुणीतरी काढली, एवढं बोला. वडिलांचा खर्च मी बघतो. नाहीतर लायसन जाईल, केस होईल, आणि कर्ज आहेच. ती तशीच आत आली आणि खिडकीपाशी उभी राहिली. ताई तिला विचारत राहिली, काय म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीज खात्याचे तपासनीस जबाब घ्यायला आले. मी तिथेच होतो. दाजी उशीला टेकून बसले होते, उजवा हात बँडेजमध्ये. तपासनीसांनी काही विचारायच्या आधी तेच म्हणाले, "साहेब, चूक माझी आहे. मी सरळ हात लावला. तिनं तपासलं होतं. नंतर कुणीतरी वायर सोडवली असणार."

"तुम्हाला कसं माहीत?"

"माझी मुलगी आहे, साहेब. ती वायर जोडल्याशिवाय सही करायची नाही."

तपासनीसांनी लिहून घेतलं. भाचीकडे वळून म्हणाले, "असंच ना?" तिने मान खाली घातली. ते उठले, बॅगेची चेन लावली. सगळं मिटल्यातच जमा होतं, आणि खरं सांगतो, मलाही मिटायला हवं होतं. मी मनात म्हणत होतो, पोरी, आता गप्प राहा.

"मी तिथं गेलेच नव्हते," ती म्हणाली.

तपासनीस परत खाली बसले. तिने सगळं सांगितलं, सहीचे पैसे, भरून येणारे कागद, आणखी कुठल्या कुठल्या इमारती, त्याही सांगितल्या.  जबाबाखाली सही करताना तिने प्रत्येक ओळ वाचून घेतली. लायसन गेलं. कारखान्यातली नोकरी आठवड्याच्या आत गेली. गाळ्यात खोकी आहेत ती आहेतच. हप्ता दर महिन्याला येतो आणि ताईची शिलाई त्याला पुरत नाही. माझा हिशेब पै न पै खरा ठरला, आणि तो मी कधीच मांडला नसता तर बरं झालं असतं.

त्या सकाळी तपासनीस निघून गेले. दाजी रागावतील, ओरडतील म्हणून मी वाट बघत होतो. ओरडले असते तर ती सुटली असती. ती खाटेजवळ गेली, खाली बसली आणि खाटेच्या कडेवर कपाळ टेकून रडायला लागली. दाजींनी धड असलेला डावा हात उचलला. तो तिच्या डोक्यापर्यंत आला आणि थांबला. मग त्यांनी पंजा फिरवला आणि उलटा हात तिच्या केसांना टेकवला, अगदी जरासा, आणि काढून घेतला.