दुसऱ्याचा ग्लोव्ह

वेंडेल क्रेब्सचं बस्तान बसेपर्यंत चिनी मातीच्या बशा खोक्यातून काढायच्या नाहीत, असं त्याच्या बायकोने, आर्लीनने, ठरवलं होतं. छोट्या गावांच्या संघांतून बेसबॉल खेळत तिशीला टेकलेल्या वेंडेलला मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या स्पर्धेत, बोलावलं होतं, ते मैदानाची उजवी बाजू सांभाळणाऱ्या खेळाडूचा गुडघा दुखावला म्हणून. आता तो गुडघा बरा होता. आजचा खेळ पाहून मॅनेजर ठरवणार होता, वेंडेलला ठेवायचं की परत धाडायचं.

त्या काळी फलंदाजीची पाळी आली की खेळाडू चेंडू झेलायचे आपले ग्लोव्ह गवतावरच टाकून जात. वेंडेल मात्र मैदानात उतरला की समोरच्या संघाचा ग्लोव्ह उचलून कडेला ठेवी.

"तुझा नवरा झाडूपण मारतो का गं?" प्रेक्षकांत आर्लीनच्या शेजारी बसलेल्या डोलोरेसने विचारलं. तिचा नवरा याच संघाचा पिचर, चेंडू टाकणारा, होता.

"घरी मारतो."

संघातल्यांनीही टोमणे मारले असावेत. शेवटच्या डावात वेंडेलने तो ग्लोव्ह तसाच पडू दिला. आर्लीन त्या ग्लोव्हकडेच बघत राहिली.

एकाच धावेची आघाडी होती, समोरचे दोन गडी बेसवर, धावेच्या वाटेवर, होते आणि आता एकच बाद करायचा होता. चेंडू उंच उडाला. वर बघत वेंडेल पुढे धावला. झेल त्याचाच होता. शेवटच्या क्षणी त्याची नजर खाली गेली, पाऊल अडखळून बाजूला पडलं, आणि चेंडू हातभर अंतरावर गवतात आदळला. बेसवरचे दोघेही धाव पूर्ण करून गेले. सामना गेला.

"ऊन आलं असेल डोळ्यांवर," डोलोरेस हळूच म्हणाली.

आर्लीनने नकारार्थी मान हलवली. तिने सगळं पाहिलं होतं.

संध्याकाळी तो पलंगाच्या काठावर बसला. "उद्याची बस आहे."

"तुडवायचा होतास तो ग्लोव्ह."

"दुसऱ्याचा? आमच्या छोट्या संघांत माणसाकडे एकच असतो, आर्लीन."

"इथे चार-चार असतात. कंपन्या फुकट वाटतात."

"पायाला कुठे माहीत होतं?"

काहीतरी फेकून मारावं असं तिला वाटलं, पण बशा खोक्यातच होत्या.

पुढे वेंडेल गावी, ओहायोत, पशुखाद्याच्या दुकानात लागला. हिवाळ्यात पेपरात आलं: नवा नियम, यापुढे मैदानात ग्लोव्ह टाकून जायचं नाही.

"बरं झालं," वेंडेल म्हणाला. "कुणाचा तरी पाय मुरगळला असता."

आर्लीनने त्याच्यापुढे चिनी मातीची बशी जरा जोरातच ठेवली.