न विचारता कळणारं नाव

चष्मा कपाळावर ढकलून अण्णा आधी पडद्यावरचं नाव मोठ्यानं वाचत आणि मग विचारत, "ह्याच्यावरनं मला काय कळलं?" बहुतेक वेळा काहीच कळलेलं नसे.

सोलापूरच्या आमच्या दवाखान्यात ते संगणक विभागाचे प्रमुख. अक्कलकोटकडचे, घरी कानडी, कामावर मराठी. रुग्णांच्या माहितीतला प्रत्येक बदल 'जर्नल' नावाच्या नोंदवहीत उतरतो आणि ती वाचून एक सॉफ्टवेअर दुसऱ्या शहरातल्या मशीनवर सगळ्याची प्रत ठेवतं. प्रत्येक जर्नलची व्याख्या, म्हणजे कुठले बदल कुठं उतरवायचे ते, आपणच लिहायची, तिला नावही आपणच द्यायचं, दहा अक्षरांच्या आत. अण्णांचा नियम असा: आधी गाव, मग विभाग, शेवटी मूळ की प्रत. साहेबाचं, देवाचं, लेकरांचं नाव चालणार नाही. एकेका अक्षरासाठी ते मंडईत वांगी घेतल्यासारखी घासाघीस करत.

मी नवखी होते आणि घाईत होते. दोन व्याख्या केल्या, एक नुसती करून बघायला, चाचणीची, आणि एक रक्तपेढीची. नावं दिली 'न्यू वन' आणि 'न्यू टू'. तीन महिन्यांनी साफसफाई करताना चाचणीची समजून मी रक्तपेढीचीच उडवली. प्रत थांबली.

अण्णा ओरडले नाहीत. खुर्ची ओढून शेजारी बसले.

"आज मूळ मशीन बंद पडलं असतं, तर पेशंटचा रक्तगट कुणाला इचारला असता?"

मला रडू आलं. तेव्हा चहा मागवून म्हणाले, "पोरगं झालं म्हणून त्याला 'नवं पोरगं' अशी हाक मारतो काय आपण? दुसरं झाल्यावर लई पंचाईत की."

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी प्रत पुन्हा उभी केली. नाव मात्र त्यांनी मलाच द्यायला लावलं.

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी मी विचारलं, "अण्णा, काही अडलं तर फोन करू ना?"

"अडाय नको म्हणून तर एवढं केलं की."

आणि खरंच अडलं नाही. कितीदा फोन करावासा वाटला, पण यादी उघडली की नावंच सगळं सांगून टाकत. कारण नसताना कशाला त्रास द्यायचा, म्हणून राहून गेलं. गेल्या वर्षी अण्णा गेले. तो एक फोन मी करायला हवा होता.

परवा विभागात एक नवी सहकारी रुजू झाली. यादीवरून बोट फिरवत म्हणाली, "मॅडम, ही रक्तपेढीची प्रत ना?" मी हो म्हटलं. ती पुढच्या नावाकडे वळली, मग त्याच्या पुढच्या. तिला कुठंच अडलं नाही. हा नियम कुणी घातला, एवढं तरी तिनं विचारावं, म्हणून मी तिच्या खुर्चीमागं बराच वेळ उभी होते.