पाटावरचा पहारेकरी

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. गुन्हेगार सुटला म्हणून नव्हे. एका मुलीने चोर ठरणं पत्करलं, पण तोंड उघडलं नाही. तिचं तोंड कशाने बंद होतं ते कळलं तेव्हा मला माझीच लाज समोर बसलेली दिसली.

मी मूळचा कोकणातला. दहावीनंतर शाळा सुटली, शिपाई म्हणून भरती झालो. नोकरीच्या अखेरीला उपनिरीक्षकाची बढती मिळाली, ती थेट अकोल्याला. खात्याने मला अन्न दिलं, माणसांत आणलं, त्याचे उपकार फिटायचे नाहीत. पण साहेब 'सर्व्हर', 'लॉग' असं बोलायला लागले की आता आपलं शिक्षण उघडं पडणार, या धास्तीने मी नुसती मान हलवत असे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एका कंपनीचे मालक ठाण्यात आले. भाजी आणि फळं शीतगृहात ठेवून बाहेरगावी पाठवायचा त्यांचा व्यवसाय. मुख्य कार्यालय अकोल्यात, शाखा अमरावतीत. कुणीतरी बाहेरून शिरून सगळे संगणक कुलूपबंद केले होते आणि पडद्यावर इंग्रजीत खंडणीची धमकी होती. कोणता ट्रक कुठे न्यायचा तेच कळत नव्हतं, माल गाडीतच नासत होता. गुन्हा नोंदवला. असा तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडेच असतो, म्हणून तो आमच्या साहेबांकडे. जबाब घ्यायचं काम माझ्याकडे.

निघताना मालकांनी मला बाजूला घेतलं. "साहेब, माह्यं नाव येऊ देऊ नका. पन हा बाहेरच्याचा एकट्याचा खेळ नाही. आमचं नेटवर्क सांभाळते ना, ते पोरगी नवमीले सांजच्याले एकटीच वायरी बदलून राहिली होती. मी सोता पाह्यलं."

खबर वजनदार होती. आम्ही पंच घेऊन कार्यालयात गेलो. तिथला कारभार पाहून साहेबांनी कपाळाला हात लावला. हिशेबनिसाच्या पडद्यावरच पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली. ट्रकचे ड्रायव्हर आले की चहाबरोबर त्यांना वायफायही मिळायचं. मुलीने हे सगळं बंद करा म्हणून कितीदा सांगितलं होतं, असं हिशेबनीसच म्हणाला, आणि वर हसला, "मॅडमचं रोजचंच हाये जी. आमी हो म्हनतो."

संगणकाच्या खोलीत लोखंडी मांडणीवर यंत्रं होती. सगळ्यांवर राखाडी धूळ. फक्त एक काळा, चपटा डबा लख्ख पुसलेला आणि त्याच्या जाळीत कुंकू अडकलेलं. साहेब आणि सायबर शाखेचा तज्ज्ञ भराभर इंग्रजीत बोलत होते. हा डबा काय करतो, हे विचारायचं माझ्या ओठावर आलं आणि तिथेच राहिलं.

महिलेला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही. म्हणून महिला शिपाई बरोबर घेऊन मी मुलीच्या घरी गेलो. शहराला लागूनच फुलशेती करणारं कुटुंब. दसऱ्याला न विकलेल्या झेंडूचा ढीग अंगणात सुकत होता. आमची गाडी दारात थांबली तशी शेजारची माणसं कुंपणाशी आली. वडिलांनी खुर्ची पुसून दिली. "बसा साहेब. बोलन्यावरून तुमी दूरचे दिसता. सनालेही घरी गेले नसान. पुरनपोळी हाये, खाऊन घ्या."

त्यांच्या मुलीवर संशय घेऊन मी आलो होतो आणि ते मला जेवू घालत होते. मी चहावर भागवलं.

मुलगी शांत होती. पंचविशीतली, शिकलेली. वायर बदलली का? हो. का बदलली? अमरावतीची लाइन चालू ठेवायची होती. ती बंद का पडली? गप्प. मालक उद्या तुझ्यावर फिर्याद देतील, माहीत आहे? गप्प. मग एकदम इंग्रजी शब्दांची सरबत्ती. मी सवयीने मान हलवली. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मला वाटलं, हिला कळलं की याला काही कळत नाही.

मग मी पेन खाली ठेवलं. "हे बघ पोरी, मी दहावी शिकलेला माणूस. तू बोललीस त्यातलं मला काहीएक समजलं नाही. तो कुंकू लागलेला डबा काय करतो, एवढं मला समजेल असं सांग."

तिचा चेहरा उतरला. "तुमाले कुंकू दिसलं?"

"दिसलं."

"तो दरवाजावर बसते साहेब. बाहेरून येईन त्याले तपासते, मंगच आत सोडते."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नवमीला कार्यालयात हत्यारांची पूजा होती. तोलणाऱ्याने काटा ठेवला, ड्रायव्हरने पाना. कुणीतरी म्हणालं, "मॅडम, तुमचं हत्यार कोनतं? का नुसत्या बोटांचाच पगार घेता?" सगळे हसले. हिने वर जाऊन तो डबा काढून आणला आणि पाटावर ठेवला. घरचाच झेंडू, घरचाच हार. सांजेला उचलायला गेली तर मालक म्हणाले, "उत्तरपूजा झाल्याबिगर हत्याराले हात लावाचा नाही." तिने दोनदा मागितला. शेवटी डब्याला वगळून वायर सरळ जोडली. दसऱ्याला उत्तरपूजा होऊन डबा पुन्हा जागेवर जाईपर्यंत दरवाजा उघडा होता.

"मंग हे आधी कावून नाही सांगितलं?" महिला शिपायाने विचारलं.

"हसतीन ना सगळे! इंजिनेर पोरगी अन् फायरवॉलले हार घालून पाटावर बसवते. त्यापरीस चोर म्हनाले तं म्हनू द्या."

दाराशी उभे असलेले वडील पायरी उतरून गेले. अंगणातला झेंडू उगीच सारखा करत राहिले.

आमच्या ठाण्यातही दसऱ्याला शस्त्रपूजन होतं. सगळ्या बंदुका मांडतो, पण पहाऱ्यावरच्या शिपायाची बंदूक त्याच्या खांद्यावरच असते. मी तिला एवढंच सांगितलं. ती पहिल्यांदा रडली. "पूजेचं नका लिहू साहेब," म्हणाली. ते लिहिल्याशिवाय तिच्यावरचा संशय जाणार नव्हता. मी लिहिलं, तिला वाचून दाखवलं, तिने सही केली.

मालकांना पुन्हा बोलावलं. उत्तरपूजेचं विचारल्यावर ते टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "धर्माचं काम होतं... मले काय मालूम, तो डब्बा राखन करते."

"तिने दोनदा मागितला होता."

"मांगतला होता," ते म्हणाले. तेही लिहून घेतलं.

संगणकात शिरणाऱ्यांचा माग परदेशापर्यंत गेला आणि तिथेच संपला. मुलीवर बालंट आलं नाही, नोकरीही राहिली. पण ठाण्यात जबाब वाचला गेला तेव्हा साहेब हसले, लेखनिक हसला. मुलगी म्हणाली होती तसंच झालं. मी हसलो नाही, पण हसू नका असंही मला म्हणता आलं नाही.

या प्रकरणानंतर जबाब घेताना मी एक गोष्ट पाळली. माणूस गप्प बसला की तो काय लपवतोय याच्याआधी त्याला कशाची लाज वाटतेय ते शोधायचं. आणि आपल्याला समजलं नसेल तर तसं म्हणायचं. समोरच्याला बोलायला तेवढं पुरतं.

पुढच्या नवमीला तिचे वडील झेंडूची टोपली घेऊन ठाण्यात आले. ठाण्यातलं ते हसणं आठवून माझी नजर खाली गेली. तेच म्हणाले, "औंदा पोरीनं डब्ब्याले जागेवरच हार घातला साहेब, चालू ठेवून. अन् हा एक तुमच्या दरवाजावरच्या शिपायाले. त्याले आत नका बलावू, पोरगी म्हने. उभा हाये तिथंच घाला."